कंबर न दुखणारी टोळी

पिंपळखोऱ्याच्या कांदा बाजारात गेली अकरा वर्षं एकाही हमालाची कंबर दुखली नव्हती.

प्रत्येकाच्या कमरेत, शेवटच्या मणक्यांजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा एक शमक बसवलेला होता. कमरेतून आणि पायांतून मेंदूकडे निघालेला वेदनेचा संदेश तो वाटेतच अडवत असे. स्पर्श, ताकद, तोल यांना तो धक्का लावत नसे. दुखणं तेवढं गाळून घेई. शमक आला तेव्हा कांद्याची गोणी पन्नास किलोची होती. तक्रार कुणीच करेना, तशी ती साठची झाली, मग सत्तरची. आता ऐंशीची होती.

एकोणतीस वर्षांचा दगू गांगुर्डे डॉ. केतकी सबनीस यांच्या दवाखान्यात आला, तोही काही दुखत होतं म्हणून नव्हे.

"डाव्या पायातली चप्पल सारखी गळून पडते, मॅडम. गोणी पुढं अन् चप्पल मागं. टोळी हसते."

केतकीने त्याला पायाचे अंगठे वर ओढून धरायला सांगितले आणि ते बोटाने खाली दाबले. उजवा हलला नाही. डावा सहज खाली गेला.

पडद्यावर त्याच्या कण्याचं चित्र होतं. "दोन मणक्यांच्या मध्ये ही उशी असते, चकती. वाकून वजन उचललं की तिच्यावर वजनाच्या कित्येक पट दाब येतो. ती फुगून बाहेर आली, की शेजारून पायाकडे जाणारी नस चेपते."

"मग कापून टाका ना."

"कुठली? दोन फुगल्या आहेत. तुमच्या टोळीतल्या धडधाकट माणसाचं चित्र काढलं, तरी बहुधा असंच दिसेल. नुसतं चित्र बघून कंबर उघडायची नसते. पूर्वी डॉक्टर आधी विचारायचे, कुठं दुखतं, कुठवर जातं. स्नायू लचकला असेल तर दुखणं सहसा कमरेतच राहतं. नस चेपली असेल तर ते पायात उतरतं, त्या नसेच्या वाटेनं. मला ती वाट बघायची आहे."

"म्हणजे मला दुखवणार?"

"शमक बंद करणार."

तिने एक चपटी पट्टी त्याच्या कमरेवरून फिरवली. दगूने टेबलाची कड पकडली. या दुखण्याला काय म्हणतात हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"दाढ!" तो ओरडला. "दाढ ठणकावी तसं, पण पायात!"

"बोटानं दाखवा."

त्याचं बोट कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरून नडगीवर आणि तिथून अंगठ्यापर्यंत गेलं. केतकीने दोन चकत्यांपैकी एकीवर खूण केली.

"ऑपरेशन लगेच नको. ताकद थोडीच गेली आहे. बाहेर आलेली चकती पुष्कळदा आपोआप आक्रसते. सहा आठवडे थांबू, दर आठवड्याला अंगठा तपासू. ताकद आणखी गेली तर थांबायचं नाही. सहा आठवड्यांनीही दुखणं असंच राहिलं, तरी ऑपरेशनचा विचार करू. तोवर शमक बंदच."

दुखण्याने दगूला बरंच काही शिकवलं. कसं वळायचं, कसं उठायचं, कुठे थांबायचं. पाचव्या आठवड्यात अंगठा दाबून खाली जाईना.

शेवटच्या तपासणीला त्याच्यासोबत टोळीचा मुकादम वाल्मीकअण्णा आला.

"बरा झाला ना? मग चालू करा त्याचा दाणा. पंचावन्न किलोलाच बसकण मारतो. मला उचलणारा पाहिजे, कण्हणारा नको."

"चालू केला तर तो उद्या ऐंशी उचलेल, अण्णा. आणि पुढच्या वर्षी पाय ओढत चालेल."

"मग ऑपरेशन करून टाका एकदाचं पक्कं."

"ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं. ऐंशी किलो पेलणारी कंबर कुठल्याच ऑपरेशनने मिळत नाही."

दगू पुढे झाला. "अण्णा, मला टोळीतून काढायचं तर काढा. पण आधी एक सकाळ सगळ्या टोळीचे बंद करून बघा. तुमचाही."

"मी घाबरतो काय?"

"मी कुठं म्हटलं?"

"पस्तीस वर्षं उचलतोय. मंगळवारी या, मॅडम. घेऊन या ती पट्टी."

मंगळवारी केतकीने वाल्मीकअण्णा धरून अठरा जणांचे शमक बंद केले. लिलाव झाला, ट्रक लागले. पहिला हमाल गोणीखाली वाकला आणि तसाच खाली बसला. दुसऱ्याने शिवी हासडली. तासाभरात बाजार थांबला. व्यापारी आधी चिडले, मग विनवू लागले. दहाच्या सुमाराला गोण्या उसवून पन्नासच्या भरायला सुरुवात झाली. दगूने त्यातली पहिली उचलून ट्रकमध्ये टाकली. आता त्याला टोळीतून काढायचं कारण उरलं नव्हतं.

"लाजा वाटू द्या!" मागून आवाज आला. वाल्मीकअण्णा ऐंशीची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढत होता. ती ट्रकमध्ये टाकून तो हसत खाली उतरला. "बघा मॅडम! बंद आहे ना माझा? कुठं दुखतंय? याला म्हणतात हाड!"

केतकीने पट्टी पुन्हा त्याच्या कमरेला लावली. शमक बंदच होता.

ती त्याला बाजूला घेऊन गेली. "अण्णा, बसता ती जागा बधीर वाटते?"

"बसून बसून वाटते की."

"लघवी लागलेली कळते?"

अण्णाचं हसू गेलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. "घड्याळ बघून जातो. म्हटलं, वय झालं."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

केतकीने फोन काढून ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगितलं. "आजच करावं लागेल. दुखण्याचा निरोप शमकाने अडवला तर तो पुन्हा सोडता येतो. तुमच्या बाबतीत निरोप नेणाऱ्या नसाच चेपून निकामी होत आल्या आहेत. किती परत येतील, सांगता येत नाही."

"पण मला तर काहीच दुखत नाही!"

"तेच तर," ती म्हणाली.

ट्रकच्या सावलीत सतरा जण कमरेला हात लावून कण्हत बसले होते. वाल्मीकअण्णाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याला त्यांचा हेवा वाटला.