एकेचाळीस नंबरची गाडी

काकूंचा टेम्पो शेवटी जुन्याच फीमध्ये पास झाला.

हे वाक्य घाईत वर आलं. ते कुणी वाचलंच नाही असं धरून चालू.

तर, दुपारचे साडेतीन वाजले होते आणि टेम्पोचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. काकू धापा टाकत वहिनींच्या ऑफिसात शिरल्या. वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, त्यांचे मदतनीस होते. मदत नक्की कोण कोणाला करतं, हा प्रश्न भाऊजींनी तूर्त खुला ठेवला होता.

“शिक्का चोरीला गेला!” काकू म्हणाल्या. “मागच्या गल्लीतल्या वाहन तपासणी केंद्रातला. उद्यापासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी आठपट होतेय. माझा टेम्पो एकोणीस वर्षांचा. आज पाचच्या आत सर्टिफिकेटवर शिक्का पडला नाही, तर तो भंगारात जाणार. मग हॉस्पिटलच्या चादरी धुवायला काय डोक्यावरून नेऊ?”

“टेम्पो धडधाकट आहे?” वहिनींनी विचारलं.

“माझ्यापेक्षा बरा आहे. माझी तपासणी होत नाही म्हणून माझं निभावतंय.”

केंद्राचं सिमेंटचं पटांगण भिंतीकडून मशीनकडे उतरतं होतं. वरून कुणी पाहणीला येणार म्हणून ते इतकं झाडलं होतं, की दात कोरायला काडी मिळाली नसती. रांगेत पहिला उभा होता काकूंचा टेम्पो. टोकन बेचाळीस.

तपासनीस टेबलाशी हवालदिल बसले होते. “चाळीस गाड्या झाल्या आणि जेवणाची सुट्टी झाली. दोन किलोंचा पितळी शिक्का हो! इथंच कागदांवर असतो. वर पंखा आहे ना.”

“सुट्टीत तुम्ही कुठं होतात?”

“इथंच. डोळे मिटून विचार करत होतो.”

“घोरत?” भाऊजींनी विचारलं.

“माझे विचार खोल असतात. डोळे उघडले तर शिक्का नाही. कागद मात्र जागच्या जागी.”

कागदांवर अर्धी वीट होती. भाऊजींनी ती उचलून पाहिली. एका बाजूला रबर घासल्यासारखा काळा पट्टा होता. तो त्यांच्या तळव्याला लागला, तिथून पँटला.

“ही वीट कुणाची?”

“कार्यालयीन असावी.”

“दुसरा शिक्का नाही?”

“मागवलाय. चार वर्षं झाली.”

रांगेतल्या लोकांचे फॉर्म भरून देणारा दलाल विचारायच्या आधीच उखडला. “मी कशाला चोरू? मी फॉर्ममागे पैसे घेतो, फीमागे नाही. आठपट फी झाली की निम्मी गिऱ्हाईकं भंगारवाल्याकडे. भंगारात फॉर्म भरावा लागत नाही, ताई.”

“एकेचाळीस नंबर कुणाचा?” वहिनींनी विचारलं.

“काय की,” दलाल म्हणाला. “तपासनिसांनी हाक मारली, कुणी आलं नाही.”

भिंतीजवळ खात्याची जीप उभी होती. मोठ्या साहेबांची, वय सव्वीस. तिचा ड्रायव्हर बॉनेटला टेकला होता. सुट्टीत सगळी रांग रस्त्यापलीकडे जेवायला गेली, तेव्हा तो एकटाच पटांगणात होता.

“काही दिसलं नाही बुवा,” तो म्हणाला.

वायपरखाली एक घडी घातलेला कागद होता. भाऊजींनी बोट दाखवलं.

“जाहिरात आहे,” ड्रायव्हर म्हणाला.

“हिची तपासणी होत नाही का?”

“सरकारी गाडी आहे, साहेब. फी मंजूर होऊन यायलाच तीन वर्षं लागली.”

“हँडब्रेक लागतो का हिचा?” वहिनींनी विचारलं.

“लागायचा,” तो म्हणाला. बारावं-तेरावं उरकलेल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसा.

सव्वाचार वाजता वहिनींनी सगळ्यांना जीपपाशी गोळा केलं.

“भाऊजी, कोण चोर?”

“दलाल,” भाऊजी ठामपणे म्हणाले. त्यांचे ठाम अंदाज वहिनींच्या फार उपयोगाचे असत. तेवढी एक शक्यता बाद करता येई.

“फी वाढल्यावर प्रत्येकाचं नुकसान आहे,” वहिनी म्हणाल्या. “फायदा कुणाचा? ज्याला गाडी तपासायचीच नाही त्याचा. मंजुरी आलीय ती जुन्या फीची. उद्यापासून नवी फी, म्हणजे नवी मंजुरी, म्हणजे आणखी तीन वर्षं निवांत. तो कागद उघडा.”

भाऊजींनी घडी उलगडली. टोकन एकेचाळीस.

“काम थांबलं ते नेमकं या गाडीआधी. शिक्का उचलल्यावर पंख्याखाली कागद उडाले असते आणि तपासनीस साहेबांचे विचार मोडले असते. काहीतरी जड ठेवायला हवं होतं. या झाडलेल्या पटांगणात जड वस्तू एकच होती. रबराचा पट्टा भाऊजींच्या पँटवर आहे, बघा. ती वीट चाकाखालची होती. मग वीट टेबलावर असताना, उतारावर, हँडब्रेकशिवाय ही जीप कशाच्या आधारानं उभी आहे?”

सगळे वाकले. मागच्या चाकाला पितळी शिक्क्याची टेकण होती.

“बाजूला व्हा!” ड्रायव्हर ओरडला, पण तोवर तपासनिसांनी शिक्का ओढला होता.

जीप सावकाश निघाली, कुणालाही न दुखवता पटांगण ओलांडून ब्रेक तपासायच्या मशीनवर आपणहून जाऊन बसली. तपासनिसांनी काट्याकडे पाहिलं. काटा हललाच नव्हता.

“एकेचाळीस, नापास,” त्यांनी लिहिलं. “आता चोरीची तक्रार…”

“खात्याचा शिक्का, खात्याच्या माणसानं, खात्याच्या जीपखाली ठेवला,” वहिनी म्हणाल्या. “याला चोरी नाही, बदली म्हणतात. बेचाळीस घ्या.”

चार बावन्नला काकूंच्या सर्टिफिकेटवर शिक्का पडला. काकूंनी शाईवर फुंकर घातली, पण टेम्पो सुरू केला नाही. ड्रायव्हर भिंतीशी बसून होता.

“निवृत्तीला किती राहिलेत?” त्यांनी विचारलं.

“चौदा महिने. गाडी रद्द झाली की जागाही रद्द.”

काकूंनी दलालाला हाक मारली. “लिही रे, याच्यासाठी. आणि पैसे मागितलेस तर बघ.”

दलालानं पेन काढलं. काकू सांगत गेल्या, तो लिहीत गेला:

“विषय: नापास जीपवरील ड्रायव्हरचे पद कायम ठेवणेबाबत. महोदय, सदर जीप आता चालवता येत नाही, परंतु ती थांबवताही येत नाही. सबब तिच्यात बसून ती जागेवर धरून ठेवण्याच्या कामी अर्जदाराची चौदा महिन्यांकरिता पूर्ण पगारी नेमणूक व्हावी, व तत्पूर्वी खुद्द अर्जदाराची तपासणी करणे झाल्यास ती जुन्या फीमध्येच व्हावी, ही नम्र विनंती.”