सूर्य बुडाला की बारा

टीव्ही बंद कर, वेद. ईशानी, तू ब्लाइंड खाली ओढ. भुतं काय ती कोकणातच असतात असं तुम्हाला वाटतं ना? मग ही इथली, विलायतेतल्या हाउन्सलोतली ऐका. माझा मित्र डॉक्टर शशी टिपणीस, त्याच्या किचनमध्ये घडलेली, दोन हजार सातच्या डिसेंबरात. शशी खोटं बोलणारा माणूस नव्हे. आयुष्यात एकदाच बोलला, आणि तेच त्याला भोवलं.

शशीच्या शेजारी फिक्रेताबाई राहायच्या. मूळच्या सारायेव्होच्या. युद्धात घर गेलं म्हणून इथे आल्या, त्याला चौदा वर्षं झाली होती. आता कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या. नोव्हेंबरात शशीला कॉन्फरन्ससाठी नेमकं सारायेव्होलाच जायचं निघालं, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. जुन्या बाजाराच्या चौकात लाकडी कारंजं आहे, त्याचं बाटलीभर पाणी आण, म्हणाल्या. ते पाणी जो पितो तो त्या गावी परत येतो, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. जिवंतपणी जाणं होणार नाही हे बाईंना कळत होतं. निदान मेल्यावर तरी घरी पोचायचं होतं.

शशी ते गाव बघून हरखलाच. तांबटांच्या गल्लीत दिवसभर ठोकाठोक, जुन्या मशिदीशेजारी घड्याळाचा मनोरा. त्या घड्याळाची तऱ्हाच वेगळी. सूर्य मावळला की त्यात बारा वाजतात. निघायच्या दिवशी त्याने कबुतरांच्या गर्दीतून वाट काढत कारंज्यावर बाटली भरली, आणि इथे त्याने खास आपल्या लोकांची चूक केली. त्याच्या आईने काशीचा गडू साताऱ्यापर्यंत मांडीवरून आणला होता. तिचा मुलगा तीर्थ बुटांशेजारी सूटकेसमध्ये कसं टाकणार? बाटली हातात घेऊनच निघाला. विमान बदलताना सिक्युरिटीने ती काढून घेतली. हँड लगेजमध्ये पाणी चालत नाही, हा नियम तेव्हा नवाच होता. शशीने हातापाया पडून पाहिलं. बाटली कचऱ्यात गेली.

घरी आला तेव्हा बाईंना बोलणंही जड जात होतं. खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्याने आपल्या किचनच्या नळाखाली एक बाटली भरली आणि नेऊन दिली. बाई घोटघोट प्याल्या. हसल्या.

“आता पोचेन मी,” म्हणाल्या.

चौदा डिसेंबर, शुक्रवार. तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी सूर्य मावळला. त्याच वेळी बाई गेल्या.

शनिवारी शशी चहा ठेवत होता. बाहेर अंधारून आलेलं. सहज वर पाहिलं... भिंतीवरच्या घड्याळात बारा.

त्याने सेल बदलला. काटे जागेवर आणले. रविवारी मावळतीला पुन्हा बारा.

सोमवारी नवं घड्याळ आणलं.

बारा...

तेव्हा त्याला उमगलं. पाणी जिथलं, माणूस तिथे परत येतो. आणि बाई प्यायल्या ते पाणी या नळाचं होतं.

“फिक्रेताबाई,” तो म्हणाला, “चुकलो मी. ते पाणी इथलं होतं. तुम्ही घरी जा.”

...

फ्रिजची घरघर थांबली. तेवढंच.

एवढा डॉक्टर माणूस, पण यावर त्याच्याकडे औषध नव्हतं. म्हातारीला आपण परक्या गावात कायमचं अडकवलं, या विचाराने तो पार खचला. जानेवारीत रजा काढून पुन्हा सारायेव्होला गेला. या वेळी बाटली सूटकेसमध्ये, बुटांच्या मध्ये कोंबून आणली. मावळतीच्या आधी किचनच्या टेबलावर कारंज्याच्या पाण्याचा ग्लास भरून ठेवला. शेजारी त्याचा स्वतःचा ग्लास होता, नळाच्या पाण्याचा. तोही भरलेला, अजून तोंडाला लावला नव्हता.

त्याने हात जोडले. डोळे मिटले.

घड्याळाची टिकटिक थांबली...

डोळे उघडले. बारा.

कारंज्याचं पाणी होतं तसंच, काठोकाठ. त्याचा ग्लास मात्र रिकामा होता. काठ अजून ओला.