एकोणीस नंबरचा चष्मा

पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. मी फोनवर म्हणाले, "काकू, आज त्यांनी…" आणि पुढचं मनात जुळवत क्षणभर थांबले. तेवढ्यात पलीकडून काकूच म्हणाल्या, "खिडकी उघडायला सांगितली ना?"

मी हेच सांगणार होते. पण अजून सांगितलं नव्हतं. आणि ते मी कुणाकडून ऐकलंही नव्हतं. ते वाक्य दोन सेकंदांपूर्वी मीच डोक्यात तयार केलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, दुपारी जरा डोळा लागला, तर हे आले स्वप्नात. म्हणाले, कोंडल्यासारखं होतंय, खिडकी उघड. मी उठून उघडलीसुद्धा." काकू हसल्या, मग खोकल्या. "चाळीस वर्षांचा संसार आहे, बाळ. दोघांना एकच सुचतं."

मी फोन ठेवला. पुढचा नंबर विसाव्या खाटेचा होता, तो लावला. लावता लावता आठवलं की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वॉर्डच्या खिडक्या साथ आल्यापासून पट्ट्या मारून बंद केलेल्या आहेत. उघडायला सांगितलं असतं तरी उघडणार कोण होतं?

आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साथीची दुसरी लाट होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, नोंदणीच्या खोलीत मी बसायचे. आत भरती असलेल्यांच्या घरी रोज संध्याकाळी फोन करून तब्येत सांगायची, एवढंच काम. आम्ही चौघी होतो. त्यातल्या तिघी आजारी पडल्या, उरले मी. आतला कागद बाहेर येऊ द्यायचा नाही असा नियम होता. म्हणून रोज चार वाजता आतली सिस्टर भरलेला तक्ता दाराच्या काचेला आतून चिकटवून धरायची, आणि बाहेरून अण्णा मोबाईलवर त्याचा फोटो काढून मला पाठवायचे. अण्णा म्हणजे आमचे रेकॉर्डवाले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. फोटोत काचेवर नेहमी अण्णांचंच पोट उमटलेलं असायचं, आणि नेमके पोटाखालचे दोन-तीन पेशंट वाचता यायचे नाहीत.

तक्त्यात शेवटच्या रकान्यात तीनच शब्द यायचे. स्थिर, गंभीर, सुधारणा. मी तेवढंच वाचायचं. चौथी बातमी असेल तर ती डॉक्टर स्वतः फोन करून द्यायचे. ती आमच्याकडे नव्हती.

मी मुळातच भित्री. मागून कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी माझ्या हातातलं पेन उडतं. अण्णा म्हणायचे, "हिला भूत दिसलं तर भुताचंच कठीण आहे, असली किंचाळेल." रात्री काम संपलं की ते चहाचे कप घेऊन यायचे आणि मला मुद्दाम गोष्टी सांगायचे. शवागारातल्या, लिफ्टमधल्या. सगळ्या त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी. मी कानांवर हात ठेवून ऐकायचे.

ही माझी आहे. कुणाच्या ओळखीच्याची नाही.

एकोणिसाव्या खाटेवरचे काका भरती झाले तेव्हा घरात काकू एकट्याच होत्या. मुलगा परदेशात, विमानं बंद. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "स्थिर आहेत. काळजी करू नका."

"बरं," काकू म्हणाल्या. "आणि?"

"आणि… एवढंच."

"अहो मॅडम, दिवसाचे चोवीस तास असतात. माणूस चोवीस तास नुसता स्थिर असतो का? काहीतरी केलं असेल ना?"

त्या संध्याकाळचा माझा तो त्रेचाळिसावा फोन होता. घसा बसला होता. मी म्हणाले, "दोन घोट चहा घेतला."

पलीकडे जो श्वास सुटला तो मला अजून ऐकू येतो. "घेतला ना? बिनसाखरेचा दिला असेल तर तोंड वाकडं केलं असेल बघा." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही घेतलात का चहा? आवाज किती ओढलाय."

दिवसभरात मला कुणी हे विचारलं नव्हतं.

तिथून सुरू झालं. रोज एक खोटी गोष्ट. आज तुमचं नाव घेतलं. आज कुंड्यांना पाणी घातलं का विचारत होते. आज सिस्टरला गमतीनं काहीतरी बोलले. काकांच्या तोंडावर तिसऱ्या दिवसापासून चोवीस तास घट्ट मास्क बांधलेला होता. त्यातून हवा जोरात आत सोडतात. फूं… फूं… असा आवाज येत राहतो. चहा सोडा, शब्दही बाहेर येत नाही. मला हे माहीत होतं. तरी शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायचेच. काळजी करू नका. काकू मला मॅडमवरून बाळ म्हणायला लागल्या होत्या.

खिडकीचं झालं ते सहाव्या दिवशी. मी स्वतःला समजावलं, योगायोग. त्या रात्री मात्र दिवा चालू ठेवून झोपले.

सातवा दिवस. मंगळवार, अकरा तारीख. संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ सांगू शकते, कारण प्रत्येक फोनची वेळ मी तक्त्यापुढे लिहायचे. बाहेर अंधार पडला होता. रस्त्यावर कुणी नाही, फक्त रुग्णवाहिका. फोटोत एकोणीसपुढे लिहिलं होतं: स्थिर.

इतकी थकले होते की नवीन काही सुचेना. टेबलावर माझा चष्मा काढून ठेवला होता, तो दिसला.

"स्थिर आहेत काकू. आज चष्मा मागत होते."

काकू जरा चिडूनच म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं तरी लवकर. आत्ताच घेऊन गेले की."

"कोण?"

"कोण म्हणजे? हेच. सोडणार होतात तर एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला? बेल वाजली, दार उघडलं, तर हे उभे. पायांत काही नाही. एवढी थंड फरशी, मी ओरडलेच. म्हटलं, बसा, चहा टाकते. तर म्हणाले, परत जायचंय, चष्मा तेवढा दे. ॲम्ब्युलन्समध्ये बसवताना घाईत राहिला होता ना इथे. त्याची डावी काडी मी पांढऱ्या दोऱ्यानं बांधली आहे. जपून वापरा म्हणावं."

मी मोबाईलवरचा फोटो मोठा करून एकोणीसची ओळ पुन्हा वाचली.

"हॅलो? बाळ?"

"काकू… किती वाजता आले होते?"

"झाले असतील दोन तास. साडेपाच वगैरे." त्या खोकल्या. बराच वेळ खोकल्या. "काही नाही, घसा कोरडा पडलाय. खिडकी उघडी ठेवते ना मी त्यांच्यासाठी. येतो म्हणालेत पुन्हा."

"मी… मी परत फोन करते," म्हणाले आणि ठेवून दिला.

भासच, मी म्हटलं. एकटी बाई, सात दिवस झोप नाही, बहुतेक तापही. उद्या खरं सांगून टाकू. चहा नाही, कुंड्या नाहीत, काही नाही. उद्या नक्की.

दार ढकलून अण्णा आत आले आणि मी किंचाळले. एरवी ते हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. टोपी काढून खुर्चीत बसले आणि हातातली पिशवी टेबलावर ठेवली. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची. बाहेरून औषध फवारल्यामुळे ओली. आतल्या माणसाचं सामान अशाच पिशवीत सील होऊन बाहेर यायचं… माणूस घरी जाणार नसेल तेव्हा.

"एकोणीस," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी पाच दहाला."

"नाही," मी म्हणाले. "तक्त्यात स्थिर आहे."

"तक्ता चारचा असतो, पोरी."

"मग डॉक्टरांनी घरी…"

"डॉक्टरांनाच ताप भरलाय. साडेचारला त्यांना आतून बाहेर काढलं. दुसरे यायचेत अजून." ते थांबले. "तू केलास फोन?"

"केला."

"काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. चहा, कुंड्या, खिडकी. चष्मा. आणि काकू काय म्हणाल्या ते. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"सात दिवस एकटीला बोलायला कुणी नाही म्हटल्यावर बाईला वाटणारच कुणी आलंसं," ते शेवटी म्हणाले. "आणि चष्मा म्हणशील तर हा माणूस चष्म्याशिवायच आला होता. मला आठवतंय. सही करता येईना, मीच हात धरून करवली."

त्यांनी पिशवीवरची चिठ्ठी माझ्याकडे वळवली. मोबाईल, एक. चार्जर, एक. घड्याळ, एक. अंगठी, एक. खाली अण्णांची सही.

मी चिठ्ठी वाचली. मग पिशवीत पाहिलं.

घड्याळाच्या शेजारी… घडी घातलेला चष्मा होता. डाव्या काडीला पांढरा दोरा.

अण्णांनी पिशवी उचलली. दिव्याखाली धरली. सील चारही बाजूंनी बघितलं, बोट फिरवून बघितलं. सील जसंच्या तसं होतं. त्यांनी पिशवी फार हळू खाली ठेवली, कुणी झोपलेलं असावं तशी.

"मी स्वतः मोजलं होतं," ते म्हणाले. "चार वस्तू होत्या."

वर कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं, मिटलं.

"आण तो फोन," अण्णा म्हणाले. "मी सांगतो त्यांना. तू घरी जा."

"नको. खोटं मी बोलले. मीच सांगते."

"पोरी…"

"अण्णा, त्या खिडकी उघडी टाकून बसल्यात. त्यांना खरं कळायला नको का? कुणीतरी सांगायलाच हवं, की ते नाहीत आता."

मी नंबर लावला. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. काकू दुसऱ्या रिंगला उचलायच्या. नेहमी. फोन मांडीवर घेऊनच बसायच्या.

"खोकल्या म्हणालीस ना?" अण्णांनी विचारलं. ते उभे राहिले होते. "पत्ता काढतो. गाडी पाठवू." ते रजिस्टर उलटायला लागले.

तिसऱ्यांदा लावला.

चौथ्यांदा.

माझं बोलणं पाठ झालं होतं. काकू, मी सात दिवस तुम्हाला खोटं सांगितलं. काकू, मला माफ करा. काकू, काका…

पाचव्यांदा.

सहा रिंग. सात. आठ.

उचलला.

"काकू!" मी जवळजवळ ओरडलेच. "काकू, ऐका, मला तुम्हाला खरं सांगायचंय…"

पलीकडे शांतता होती. नाही, शांतता नव्हती. काहीतरी होतं. फूं… फूं… मास्कमधून हवा सोडतात तसं. संथ.

अण्णांचा हात रजिस्टरवर थांबला. त्यांनाही ऐकू येत होतं.

मग एक पुरुषाचा आवाज आला. थकलेला. दिवसभर बोलून घसा बसावा तसा.

"ती स्थिर आहे."

फूं…

"आत्ताच दोन घोट चहा घेतला. काळजी करू नका."