मधल्या खोलीतलं शेत

नीळ, काव आणि पिवडी आणायला आईने मला गंजगोलाईच्या बाजारात पाठवलं होतं. दुकानदार पुड्या बांधता बांधता म्हणाला, "काय पोरी, घर बांधलंय काय?"

मी मान खाली घालून म्हणाले, "नाही. भाड्याचं आहे."

"भाड्याच्या भिंतीला एवढा रंग?" तो हसला. "लई हौशी हाय की तुझी माय."

आई हौशी नव्हती. ती फक्त कंटाळली होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. साहेबांना बंगले मिळाले. आमचे अप्पा कारकून, उदगीरहून बदली होऊन आलेले, त्यांना मिळाली ती खोल्या शोधायची वणवण. दोन वर्षांत आम्ही चार घरं बदलली. प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी सांगायचा, "भिंतीत खिळा ठोकायचा न्हाई." आईच्या माहेरचं सहस्रकुंडाच्या धबधब्याचं कॅलेंडर दोन वर्षं ट्रंकेत गुंडाळलेलंच राहिलं.

पाचवं घर गुरुपादप्पांचं. गावाबाहेर नवे प्लॉट पडले होते, तिथे एका रांगेत तीन खोल्या. मालक म्हणाले, "काय रंगवायचं ते रंगवा. खिळे ठोका. मला काई इचारू नका." गावात उंबरठा मिळत नव्हता आणि हे घर सहा महिने रिकामं होतं. का, ते आम्ही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली असावी.

आई त्या रात्री अप्पांना म्हणाली, "आता हितून मी हलणार न्हाई. सांगून ठेवते."

तीन खोल्या तीन तऱ्हांनी रंगवायच्या असं आईने ठरवलं. बाहेरची खोली पाण्याची. कॅलेंडर समोर ठेवून मी निळीने भिंतभर धबधबा काढला. त्या साली टँकर चार दिवसांनी यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी साठवून आम्ही त्यात रंग कालवला. अप्पा धबधब्याखाली पाट टाकून बसले आणि म्हणाले, "वाफसा आला गं अंगाला, आता पेरणी करा." आम्ही खूप हसलो. स्वयंपाकघर पाखरांचं, कारण माझी धाकटी बहीण महादेवी हट्टालाच पेटली होती.

मधली खोली शेताची.

ती आईने सांगितली आणि मी काढली. निळीत पिवडी मिसळून हिरवा केला. कंबरेएवढी ज्वारी, करडईची पिवळी फुलं, बांधावर बाभळ. कोपऱ्यात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी. येळवशीला शेतात अशी कोपी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. मी पांडव काढायला लागले तर आई म्हणाली, "आत काई काढू नको. आपण खरे दगड ठेवू. तोंड नुसतं काळं कर."

मी कोळसा उगाळून कोपीचं तोंड काळं केलं. बसलेलं माणूस मावेल एवढं ते मोठं झालं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात जातात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतंच. वाटेवरच्या परक्या माणसालाही हाक मारतात, "या, जेवायला या." येळवशीचं आवतण मोडायचं नसतं. बोलावलेला येतो, आणि पुढे त्याने बोलावलं की आपण जायचं.

त्या साली आम्हाला कुणी बोलावलं नाही. दुष्काळच तसा होता, लोक स्वतःच्या कोरड्या शेतात नावापुरते जाऊन येणार होते. आईने दोन दिवस वाट पाहिली. मग म्हणाली, "आपलं शेत घरात हाय की."

आम्ही मधल्या खोलीत जेवायला बसलो. भर दुपार होती. आईने चारी कोपऱ्यांत आंबील शिंपडली, पाच दगडांना हळदकुंकू लावलं, आणि माहेरी बांधावर उभी राहून द्यायची तशी भिंतीकडे तोंड करून हाक दिली. "या... जेवायला या."

बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. कोपीच्या तोंडाशी तिने आंबिलीची एक वाटी ठेवली. थोड्या वेळाने ओल्या मातीचा वास आला. चार महिने पाऊस नव्हता. अप्पांनी घास थांबवून छपराकडे पाहिलं.

जेवण झाल्यावर मी वाटी उचलली. ती कोरडी होती. घासून पुसून ठेवल्यासारखी.

"मांजर," महादेवी म्हणाली.

"मांजरीला आंबील आवडती व्हय गं?" अप्पांनी चिडवलं. पण ते हसले नाहीत.

त्यानंतर कोपीच्या काळ्या तोंडात एक डाग दिसायला लागला. बसलेलं माणूस डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर तेलाचा, गोल. मी वर कोळसा लावला. दोन दिवसांनी तो पुन्हा वर आला. त्या कोपऱ्यात आमच्यापैकी कुणीच बसत नव्हतं.

घर रंगवल्याचं ऐकून एकदा गुरुपादप्पा बघायला आले. धबधब्यापुढे उभे राहून म्हणाले, "वा! टँकरवाल्याचा धंदा बसवता काय?" मग हसत हसत मधल्या खोलीत गेले आणि थांबले.

"कोपी हितंच का काढली?"

"कोपरा मोकळा होता," मी पुटपुटले.

"आन् तो डाग? हितं कोण बसतंय?"

"कुणीच नाही."

ते मागच्या मागे निघाले. चपला दारातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आठ दिवसांत घर खाली करा. अप्पा दोनदा गेले, हात जोडले. मालक दारच उघडेनात.

सामान बांधताना शेजारच्या पंचफुलाबाई दारात येऊन टेकल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमाला कुणी सांगितलंच न्हाई व्हय? हे सिद्धम्माचं शेत. मालकाची भावजय, रांडमुंड बाई. जिल्हा झाला, जमिनीला भाव आला. मालक म्हने, इकू. ती म्हने, न्हाई. ती गेली तवा शेतातच माती दिली. म्होरल्या साली त्याच्यावर खोल्या."

"कुठं... माती दिली?" आईने विचारलं.

पंचफुलाबाईंनी नुसतं मधल्या खोलीकडे पाहिलं. आमच्या लोकांत माणसाला आडवं पुरत नाहीत. बसवून पुरतात.

मला वाटलं आई घाबरेल. ती शेतापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तिलाबी हलवलंच की. मेल्यावरसुद्धा सोडलं न्हाई."

सहावं घर बोळात आहे. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती. मालकीणबाईंनी सांगितलं, "खिळा न्हाई, रंग न्हाई." आईने मान हलवली. कॅलेंडर परत ट्रंकेत गेलं.

नवव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी डाग उठला. त्याच उंचीवर. मालकीणबाई ओरडल्या, "तेलाची डोकी टेकू नका म्हनून सांगितलं न्हवतं?" अप्पांनी मुकाट्याने चुना लावला. डाग परत आला.

मला तेव्हा कळलं. आवतण आम्ही दिलं होतं, घराने नाही.

आई मात्र रोज बाराला त्या भिंतीपाशी एक वाटी ठेवायची आणि हळू म्हणायची, "या, जेवायला." मी एकदा अडवलं तर म्हणाली, "बोलावलेल्याला उठवत्यात व्हय? आपल्याला उठवलं ते बास न्हाई का?"

परवा आईला ताप होता. मी शाळेत गेले नाही. आई डोळे मिटून पडली होती, त्यामुळे वाटी ठेवली नव्हती. कुठेतरी बाराचा भोंगा झाला. ओल्या मातीचा वास आला. आणि भिंतीकडून, अगदी खालून, बसल्या जागेवरून कुणीतरी म्हणालं...

"ये... जेवायला."

आई उठून बसली. तिने केस सावरले, पदर नीट केला. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसला.

"आले," ती म्हणाली.

मी तिला दोन्ही हातांनी धरलं. ओरडायला तोंड उघडलं, पण मला मोठ्याने बोलायची सवय नाही. मी फक्त, "नको गं, आई... नको," म्हणत राहिले. ती कितीतरी वेळ भिंतीकडे बघत होती. मग पडली आणि झोपली.

संध्याकाळी अप्पांनी भिंतीला पुन्हा चुना दिला, या वेळी जाड. मी आईच्या पदराची गाठ माझ्या मनगटाला बांधून झोपले. सकाळी गाठ तशीच होती. आईचा ताप उतरला होता. ती शांत झोपली होती.

चुन्यावर डाग दोन होते, शेजारी शेजारी.

आईला उठवताना मी तिच्या डोक्यामागे हात घातला. तिचे मागचे केस चुन्याने पांढरे झाले होते.