एकशेसत्तेचाळीसावी तबकडी

इंग्लंडातल्या हडर्सफील्डला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की स्टेशनामागच्या पबच्या माडीवर नऊ-दहा माणसं जमत. गिटारवाल्या लॅम्बर्ट हेगच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायच्या, डुकराचं मांस भरलेली थंड पेस्ट्री खायची, चहा प्यायचा आणि एकमेकांची उणीदुणी काढायची, हा तिथला रिवाज. चहा मॅविसबाई ओतायच्या. तबकड्या लावायचं काम क्लेमेंट सगडेनचं. तो बस डेपोतला निवृत्त मिस्त्री.

हेगनं दोनशेवर तबकड्या काढल्या होत्या आणि एकीचा तोंडवळा दुसरीला नव्हता. एकीत जॅझ, दुसरीत धनगरांची गाणी, तिसरीत पितळी वाद्यांचा ताफा. एकदा तर त्यानं गिटार चालत्या कपडे धुण्याच्या यंत्रावर आडवी ठेवून वाजवली होती. गिटार एक, माणसं शंभर, असं मंडळी म्हणत. क्लेमेंटला त्या शंभरांत एकच माणूस ऐकू येई. सूर पुरता विझायच्या आत हेग बोट उचलायचा, जसा चांगला पाहुणा कंटाळा यायच्या आत उठतो. ते उचलणं क्लेमेंट कुठंही ओळखायचा.

हेगच्या सगळ्या तबकड्यांची यादी त्यानं तीस वर्षं खपून केली होती. बायको नव्हती, मूल नव्हतं. लोक त्याला ओळखत ते यादीवाला म्हणून.

यादी करणाऱ्यांची एक जुनी युक्ती असते. मधे एक खोटी नोंद दडवायची. जो चोरून उतरवील त्याच्या यादीत ती जाते आणि चोर आपल्या पायानं पकडला जातो. क्लेमेंटनं एकशेसत्तेचाळीसावी तबकडी अशी रचली होती. नाव, ‘गिरणीतली दुपार’. दोन शब्दांवर भागलं असतं, पण त्याचा हात थांबला नाही. स्लेथवेट गावची बंद गिरणी, गिटारीची खालची तार काढलेली, दुसऱ्या बाजूला चौथ्या मिनिटाला कुणीतरी खोकतं आणि वाजवणारा थांबत नाही, इतकं सगळं त्यानं लिहिलं. पुढं तपशील जास्त झाला हे त्याला कळलं, पण खोडवेना.

आता आयव्हर पिकल्सचं हेगवरचं पुस्तक छापून आलं होतं. आयव्हर शाळामास्तर, जिभेचा तिखट, यादीवर डोळा ठेवून असलेला. पुस्तकाच्या शेवटी त्याची स्वतःची यादी होती, आणि तीत एकशेसत्तेचाळीस नंबर जसाच्या तसा.

त्या रविवारी क्लेमेंट इस्त्रीचा शर्ट घालून आला. सगळे बसल्यावर त्यानं पुस्तक उघडून नोंद वाचली आणि सांगितलं, ही तबकडी जगात नाही, ती मी बनवली. आयव्हर चोर आहे. आता मंडळींनी ठरवावं, हेगची यादी कुणाची.

मॅविसबाईंनी किटली खाली ठेवली.

आयव्हर हसला. "म्हातारा व्हायला लागलास तू, क्लेम." मग त्यानं पिशवीतून तबकडी काढली. कोपरे झिजलेलं वेष्टन, त्यावर गिरणीच्या खिडक्या. "लाव."

क्लेमेंटनं लावली. गिटारीत खालची तार नव्हती. त्यानं बाजू उलटली आणि घड्याळावर नजर ठेवली. चौथ्या मिनिटाला कुणीतरी खोकलं. वाजवणारा थांबला नाही.

सूर विझायच्या आत बोट उचललं गेलं. तो हेगच होता.

"माझ्याकडं पण आहे रे राजा," मॅविसबाई हळूच म्हणाल्या. "हॅलिफॅक्सच्या बाजारात घेतली होती. तूच तर सांगितलं होतंस घ्यायला."

"खोटी नोंद तुझ्या यादीत आहेच," आयव्हर म्हणाला. "ती आम्हाला कधीचीच ठाऊक आहे. मी ती गाळून तो नंबर रिकामा सोडला. एकतीस नंबर."

एकतीस म्हणजे ‘कोळशाचं घर’. क्लेमेंट एकोणीस वर्षांचा होता. आईला पुरून आला त्या आठवड्यात त्यानं ती ऐकली, आणि त्या दिवसापासून तो हेगचा झाला. हे सगळं त्यानं सांगितलं. त्यातली चाल गुणगुणून दाखवली. मंडळी खाली बघत राहिली, जसं दारू जास्त झालेल्या माणसासमोर बघतात.

"आहे ना? मग आण की," आयव्हर म्हणाला. "ती वाजली तर यादी तुझी. आणि माझं पुस्तक मी इथल्या शेगडीत घालीन."

क्लेमेंट बसनं घरी गेला. फळीवर तिसाव्या आणि बत्तिसाव्याच्या मधे ती होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

त्यानं ती ओढून काढली. वेष्टन साध्या तपकिरी कागदाचं होतं. त्यावर चित्र नव्हतं. शाईनं नाव लिहिलेलं होतं, आणि अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

त्यानं ती ग्रामोफोनवर ठेवली. चाल तीच होती, सूर न् सूर. एकोणिसाव्या वर्षी ज्यानं त्याला रडू दिलं होतं तेच वाजत होतं. तो उभ्यानं शेवटपर्यंत ऐकत राहिला.

सूर मात्र विझेपर्यंत रेंगाळत होते. बोट कुठंच उचललं जात नव्हतं.

परतीची बस गेली. पबच्या माडीवर ती न्यायची नाही, हे एव्हाना त्याला कळलं होतं.

क्लेमेंटनं जन्मात गिटार हातात धरली नव्हती.

सुई उचलायला त्यानं डावा हात पुढं केला. लोखंडाचा थंडपणा बोटांना लागला नाही. त्यानं हात खिडकीपाशी उजेडात नेला.

चारही बोटांची टोकं खडकासारखी टणक झाली होती. प्रत्येकावर तारेची एकेक बारीक खाच होती, पुष्कळ वर्षांची.