लडी धरायला कोणी नाही

हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या या दोन हातांवर घडलेलं आहे. पटलं तर वाचा, नाहीतर पुढं जा बाबांनो.

मी मगन. जळगावजवळच्या असोद्याचा. केळीची गाडी चालवतो.

चार वर्षं होतील. डिसेंबर महिना, दुपार कललेली. गाव धुळे.

आमची पोरगी ज्योत्स्ना धुळ्याला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस राहिलेले. डॉक्टरनं सांगितलेलं, खाटेवरून उठायचं नाही. म्हणून मी आणि माझी बायको बेबाबाई तिला बघायला गेलो होतो.

बेबाबाईच्या पिशवीत बाळासाठी विणलेलं पिवळं स्वेटर. एक बाही राहिलेली, अन् जळगावहून आणलेली लोकर संपलेली.

मी म्हटलं, "दुसऱ्या रंगाची बाही लाव. बाळाला काय कळतं?"

"तुम्ही गाडीला एक चाक सायकलचं लावता का?"

झालं. निघालो लोकरीची दुकानं फिरायला.

पहिल्या दुकानात पिवळा होता, पण लिंबासारखा. दुसऱ्या दुकानात ही बाई गोळा घेऊन रस्त्यावर उन्हात गेली. ट्यूबलाईटखाली रंग खोटं बोलतो म्हणे. दुकानदार बघतच राहिला. तिसरा म्हणाला, "मावशी, ही शेड येणं बंद झालं."

माझे पाय दुखायला लागले होते. ती काही ऐकेना.

मग एका बोळात ते दुकान दिसलं.

अर्धं शटर वर. आत एक म्हातारी बसलेली. तिच्या मागं खुंटीला एकच लडी लटकलेली. लडी म्हणजे लोकरीचा मोकळा फेरा, अजून गुंडा न केलेला.

पिवळी. अगदी तोच पिवळा.

बेबाबाईनं हातातला धागा लावून बघितला अन् तिचं तोंड उजळलं. यावेळी ती उन्हात गेली नाही.

आम्ही आत वाकून गेलो. अन् मला जाणवलं…

बाहेरचा आवाज बंद झाला होता.

बाहेर भाजीवाला ओरडत होता, रिक्षा वाजत होत्या. आत काहीच नाही. कानात बोळा घातल्यासारखं.

म्हातारी म्हणाली, "हात पुढे करा, भाऊ."

लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायची. धरणाऱ्याला हात डावीकडं, उजवीकडं डुलवावे लागतात, म्हणजे धागा सुटतो. घरी बेबाबाईसाठी मी शंभरदा केलंय.

मी हात पुढं केले. तिनं लडी टाकली.

सर्र… सर्र… सर्र…

तेवढाच आवाज.

मी रोज केळीचे घड उचलतो. पण ती लडी हातावर पडली अन् खांदे खाली आले. मूठभर लोकर. तिला इतकं वजन कसं?

म्हातारी धाग्याकडं बघतच नव्हती. तिची नजर माझ्या हातांवर. अहिराणीत म्हणाली,

"तुमना हात मोठा शेत भाऊ. लडी धराले बारीक हात पाहिजे." मग बेबाबाईला म्हणाली, "कोनासाठे शे स्वेटर?"

"नातवासाठी. नाहीतर नातीसाठी. सुखरूप येऊ दे फक्त."

"यी. यी सुखरूप." म्हातारी म्हणाली. "मन्हा जोडे लडी धराले कोनी नही."

बेबाबाई रंग मिळाल्याच्या आनंदात. हसत हसत बोलून गेली, "त्यात काय आक्का, मोठा झाला की पाठवून देते तुमच्याकडं."

सर्र आवाज थांबला…

"धाडशी ना नक्की?"

"हो. नक्की."

परत सर्र… सर्र…

तिनं पैशाचं नाव काढू दिलं नाही. आम्ही बाहेर आलो अन् रिक्षांचा आवाज एकदम अंगावर आला. माझ्या दोन्ही मनगटांवर बारीक बारीक वळ होते. धाग्याचे.

बेबाबाई म्हणाली, "नाजूक झालात तुम्ही आता."

मी पण हसलो.

फाल्गुनात पोरगा झाला. गुटगुटीत, रडका, सुखरूप. नाव पियुष. पिवळ्या स्वेटरात केळीच्या फण्यासारखा दिसायचा. ज्योत्स्ना त्याला घेऊन आमच्याकडं असोद्याला आली.

पाच महिन्यांचा असेल. दिवे लागायची वेळ. पाळण्यातून आवाज नाही म्हणून मी वाकून बघितलं…

पोरानं दोन्ही हात वर धरले होते. समोरासमोर. अन् ते हात डुलत होते.

डावीकडं… उजवीकडं…

बेबाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. दोघांनाही ती म्हातारी आठवली.

दुसऱ्या दिवशी ते स्वेटर पिशवीत घालून मी एकटा धुळ्याला गेलो. म्हटलं, परत करू. हात जोडू. बोलण्यातलं बोलणं होतं, माफ कर म्हणू.

दुकान होतं. पूर्ण उघडं, रंगीत गोळ्यांनी भरलेलं. गल्ल्यावर तिशीतला एक माणूस. नाव स्वप्नील.

मी विचारलं, "आक्का कुठं आहेत? मागच्या हिवाळ्यात आम्हाला लडीचा गुंडा करून दिला त्यांनी."

"लडी आता कुठं येते नाना? सगळे तयार गोळे." तो हसत होता.

मी स्वेटर बाहेर काढलं.

त्याचं हसणं गेलं. बाहीला हात लावायला पुढं झाला, अन् लावला नाही. हळू आवाजात म्हणाला, "आज्जी जाऊन कितीतरी वर्षं झाली, नाना. तिला काही कबूल केलं का तुम्ही?"

मी सांगितलं.

तो म्हणाला, "माझा मोठा भाऊ तिची लडी धरायचा. चौथं लागलं होतं त्याला."

"मग?"

तो उठला. "नाना, मला दुकान बंद करायचं आहे." दुपारचे दोन वाजले होते.

स्वेटर त्यानं ठेवून घेतलं नाही. मी ते पांझरा नदीत सोडलं. जावयाला विनवण्या करून जळगावला नोकरी बघायला लावली, पोरगं धुळ्यापासून लांब, आमच्याकडं असोद्यालाच राहावं म्हणून.

तेव्हापासून आम्ही पियुषचे हात रिकामे ठेवत नाही. चमचा दे, बिस्कीट दे, खेळण्यातला ट्रॅक्टर दे. ज्योत्स्ना म्हणते, लाडावून ठेवलाय तुम्ही. तिला आम्ही काही सांगितलेलं नाही.

पण झोपल्यावर काय करायचं?

झोपेत हात वर येतात. डुलतात. मी ते धरून खाली ठेवतो. पोराचे हात… अन् खाली ठेवायला मला जोर लावावा लागतो.

पियुषला आता चौथं लागलंय.

मागच्या रविवारी तो दुपारी झोपून उठला. मनगटं चोळत होता. दोन्हींवर बारीक बारीक वळ.

बेबाबाईनं विचारलं, "काय झालं रे सोन्या?"

तो म्हणाला, "आजी, तिचा गुंडा होत आला."

त्या दिवसापासून तो झोपला की मी त्याच्या उशाशी बसतो. माझे दोन्ही हात पुढं धरून. खांदे भरून येतात, तरी धरतो. म्हणतो, बाई, माझ्या हातावर टाक. म्हातारा माणूस आहे, पाहिजे तितकं धरतो.

अजून तिनं माझ्या हातावर काही टाकलेलं नाही.