आदर्शच्या बासचा आवाज

बसा जवळ. ही गोष्ट आमच्या वडगावातल्या आदर्शवर गुदरली, आणि त्या रात्रीचा उरलेला निम्मा भाग मी स्वतः जागून काढलाय. तारीख सांगतो, डिसेंबर दोन हजार तेवीस, बारा तारीख, मंगळवार. अवस होती, पण अवसेला बोल लावू नका, गल्लीतले दिवे लख्ख होते.

संध्याकाळी सातला आदर्श गणपत गल्लीत गिटारमध्ये घालायची नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणायला गेला. हा खानापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, दिवसा नोकरी करायचा आणि ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचा. चार जाड तारांची, खालचा घुमणारा सूर देणारी. आठवड्यापूर्वीच तो विणकर बसवंतअण्णांच्या मागच्या खोलीत भाड्याने आला होता, आणि त्याच आठवड्यात गिटारचा आवाज बसला. पार गेला असता तर परवडलं असतं. उशीखालून आल्यासारखा यायचा.

रविवारची तालीम त्याच खोलीत झाली. ऑर्केस्ट्राच्या ज्योतिबाने तोंडावर सांगितलं, बुधवारी निपाणीत बास ऐकू आला नाही तर कीबोर्डवाला डाव्या हाताने भागवेल, तू घरी बस. आणि बुधवारी त्याची आई जयाबाई पहिल्यांदाच ऐकायला येणार होती. ती नेहमी विचारायची, "गाण्यात तुझं कुठलं रं?" याला कधी दाखवता आलं नव्हतं. ते त्याला फार लागायचं.

रात्री नऊला तो बसला. नवी बॅटरी घातली. तोच आवाज. केबल बदलली. तोच. आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला मोबाईल जोडून पाहिला, तर गाणं असं दणकलं की पुढून बसवंतअण्णा खाकरले. म्हणजे ॲम्प ठणठणीत. मग गिटार उघडून सगळे जोड नव्याने डाखले, त्यात बोट भाजलं. तारा बदलल्या. बारा वाजले. गिटार उचलून दुसऱ्याच्या घरी वाजवून बघावी हे त्या शहाण्याला सुचलं नाही. चिडल्यावर कुणाला सुचतं? त्याने गिटारच्या पिशवीला लाथ घातली, आणि मग डोळ्यांत पाणी आलं म्हणून स्वतःवरच चिडला.

एक वाजून वीस मिनिटं. तारांच्या खाली सूर पकडणारी चुंबकाची पट्टी असते. तिच्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला.

टक्.

खोली दणाणली.

म्हणजे पट्टी चांगली होती. सगळंच चांगलं होतं. राहिल्या तारा.

त्याने दिवा जवळ ओढला. जाड तार छेडली.

तार सुटली... आणि जागीच थांबली. थरथरलीसुद्धा नाही.

पुन्हा छेडली. पुन्हा थांबली. वरून कुणी तळवा ठेवावा तशी.

त्याने बोटं हळूच पुढे सरकवली. तारांवर काही दिसत नव्हतं.

पण होतं. मऊ. गार. सुरकुतलेलं...

मग कानाशी...

"हळू रं लेकरा... आत्ताच डोळा लागलाय."

कुणाचा... त्याने विचारलं नाही. गिटार गादीवर ठेवली. दिवा तसाच. चप्पलही घातली नाही.

पावणेदोनला माझं दार वाजलं. पाणी प्याला. सगळं सांगायला त्याला तास लागला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "आप्पा, उद्या आई येणार हाय."

उजाडल्यावर मी त्याला घेऊन बसवंतअण्णांकडे गेलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या खोलीत दिवसरात्र माग खडखडायचे. घरातली समदी पोरं आमच्या आईनं मागच्याच खोलीत निजवली. कुणी जरा आवाज केला की हात धरायची." त्यांच्या आईला, नागुबाईंना, जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आम्ही तिघांनी दार लोटलं. दिवा विझवलेला. गिटार गादीवरच होती, पण गळ्यापर्यंत गोधडी घातलेली, कडा नीट खोचलेल्या. गोधडी काढली. गिटारच्या अंगावर, वरच्या कोपऱ्याला, काजळाची गोल तीट. त्या घरात तान्हं बाळ नव्हतं, की काजळ घालणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी निपाणीत पहिलाच सूर लागला आणि मांडवाची जमीन घुमली. ज्योतिबाने वळून पाहिलं. गाणं संपल्यावर जयाबाई छातीवर हात ठेवूनच मंचाजवळ आल्या. "हितं वाजत हुतं रं. हेच तुझं, व्हय?"

आदर्शने मान हलवली.

मग त्यांचं लक्ष तिटेकडे गेलं. "ब्येस केलंस. नजर लागली असती. कुणी लावली?"

आदर्श...

पुढच्या गाण्यासाठी तारा लावायला वळला.

आता तो टिळकवाडीत राहतो. परवा गिटार घेऊन आला होता. दोन वर्षं झाली, पोरांनो. मी त्या तिटेवर नुसतं बोट टेकवलं.

बोट काळं झालं.